वाढत्या अंगाचा झगा

सोलापूरला कायमचा परत आलो, त्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी सकाळी मी आंघोळ उरकली, कडक इस्त्रीचा सदरा चढवला, बायबल पिशवीत टाकलं आणि स्कूटर काढून देवळात गेलो. आम्ही जुने मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. फाटकाला कुलूप होतं. आत आमचा शिपाई मनोहर लिंबाचा पाला झाडत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या बायबलाकडे पाहिलं आणि झाडू भिंतीला टेकवला.

“कोन गेलं वो, मास्तर?”

“कोण गेलं म्हणजे?”

“न्हाय, मला सांगावा न्हाय आला म्हून इचारलं. मयत असल्याबिगर शुक्कारी कोन येतंय हितं?”

मयत कुणाची नव्हती, माझी अक्कल तेवढी गेली होती. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवारची. रविवारी सगळे कामावर. त्यामुळे तिथल्या ख्रिस्ती लोकांनी रविवारची उपासना उचलून शुक्रवारी ठेवली आहे, आणि ती तशी करता करता माझं निम्मं आयुष्य गेलं. अंगाला आता शुक्रवारच पवित्र वाटतो. मनोहरला मी सांगितलं की भिंतीला ओल आली आहे का ते बघायला आलो होतो. त्यानं मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या मंडळीत पोचवली.

या अंकाच्या संपादकांनी ही गोष्ट ऐकली आणि “आखातातले अनुभव लिहा” म्हणून मागे लागले. त्यांच्या डोळ्यांपुढे वाळवंट आणि उंट असणार. उंट मी पाहिला तो दुकानातल्या कॅलेंडरवर. बाकी सगळी वर्षं मी एका लांब टेबलापाशी हातात खडू घेऊन उभा होतो. तेव्हा जे आहे ते टेबलापासूनच सांगतो.

मी कटिंग मास्तर. म्हणजे कपडा शिवणारा नव्हे, बेतणारा. टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूनं रेघा मारायच्या आणि कापायचं. पुढचं काम मशीनवाल्यांचं. मशीनवाला चुकला तर शिलाई उसवता येते, बेतणारा चुकला तर कापड परत उगवत नाही. या एकाच मुद्द्यावर मी जन्मभर रुबाब केला. मशीनवर बसणाऱ्यांना मी कधी नावानं हाक मारली नाही, “ए वाकडी शिलाई” असंच म्हणायचो. पुढे जे झालं ते वाचून ती मंडळी हसतील, खुशाल हसू देत.

सोलापूरची चादर सगळ्यांना ठाऊक असते, पण इथं शाळेचे गणवेशही ढिगानं शिवले जातात. माझी सुरुवात अशाच एका कारखान्यात झाली. गणवेशाचा एक नियम बाहेरच्यांना माहीत नसतो. आपल्याकडे आईबाप पोराचं आजचं माप देतच नाहीत. करकंबचा दुकानदार असो की मोडनिंबचा, मागणी एकच: “वाढत्या अंगाचं द्या.” त्यासाठी चड्डीच्या, फ्रॉकच्या आत खाली जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं. पोरगं उंच झालं की आई दुमड उसवते आणि कपडा खाली सोडते. जुन्या दुमडीची रेघ इस्त्रीनंही जात नाही. गावातल्या कुठल्याही शाळेत जा, निम्म्या पोरांच्या कपड्यांवर ती दिसेल.

मी स्वतः अशाच रेघा मिरवत शिकलो, म्हणून की काय, माझा हात दुमडीच्या बाबतीत जरा सैल होता. इतर मास्तर दोन बोटं ठेवायचे, मी चार ठेवायचो. मालक ओरडायचे, “दाविद, ह्ये पोरगं काय माडीवर हात लावनार हाय का?” आणि ती जाडजूड दुमड शिवताना जिच्या मशीनची सुई मोडायची ती रूथ टेबलापर्यंत येऊन भांडायची. त्या भांडणातूनच आमचं लग्न जमलं. सुया ती अजूनही मोडते, पण दोष मला देते.

ओमानला का गेलो हे सांगून वाचकांना दमवत नाही. जी कारणं सगळ्यांची तीच माझी. मस्कतजवळ एका शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्तर म्हणून लागलो. मालक सलीमसाहेब. तिथं मालकाला ‘अरबाब’ म्हणतात. मुंबईचा माल आणत आणत ते हिंदी शिकले होते आणि ती रागावण्यासाठीच वापरत. दुकानात एकच गोष्ट शिवायची: दिशदाशा, म्हणजे तिथल्या पुरुषांचा घोळदार पायघोळ झगा. पांढराशुभ्र, कॉलर नाही, गोल गळा, छातीवर छोटी फट, आणि गळ्याशी उजवीकडे लोंबणारा दोऱ्याचा एक गोंडा. त्या गोंड्याला ते अत्तर लावतात. गोंडा बोटभर लांबडा झाला तर गिऱ्हाईक परत येतं, इतका तो नाजूक विषय.

पहिल्याच आठवड्यात माझी शोभा झाली. पांढऱ्या दाढीचे एक निवृत्त हेडमास्तर नवा दिशदाशा घेऊन परत आले, खालची कड उलटी करून त्यांनी अरबाबांसमोर धरली आणि अरबीत काहीतरी विचारलं. अरबाबांनी मला हाक मारली. “मास्टर, ये पूछ रहे हैं, मैं और कितना बढ़ूँगा?”

मी चार बोटं दुमड ठेवली होती. ते गृहस्थ ऐंशीच्या घरातले होते. त्यानंतर अरबाब रोज सकाळी मला आठवण करून द्यायचे, “ये स्कूल नहीं है.” माझ्या हातानं मात्र ऐकायला फार वेळ घेतला.

आता उपासनेचं सांगतो. तिथं सरकारनं चर्चसाठी जागा दिली आहे. उंच भिंतींचं आवार. बाहेरून पाहिलं तर गोदाम वाटावं. नियम सरळ होता: भिंतीच्या आत काहीही गा, कितीही मोठ्यानं गा, भिंतीच्या बाहेर काही नाही. रस्त्यात पत्रकं नाहीत, खोलीत भजन नाही. आम्ही तो पाळायचो. खोलीवर आम्ही नाताळची गाणी तोंड मिटून गुणगुणायचो आणि शेजारच्या खोलीतला बांगलादेशी कारागीर मच्छर फार झालेत म्हणून तक्रार करायचा.

आवाराच्या आत मात्र दर शुक्रवारी जत्रा. प्रत्येक भाषेला एक दालन आणि ठरलेली वेळ. मल्याळी बाहेर पडतात न पडतात तोच तमिळ आत, त्यांच्या मागे फिलिपिनो गिटारी घेऊन उभे. मराठी माणसं इतकी थोडी की आम्हाला दालन कधीच मिळालं नाही. दोघातिघांची मंडळी जिन्याखाली उभी राहून प्रार्थना करायची. मग मला याकूब उर्दूवाल्यांच्या दालनात घेऊन गेला.

याकूब मसीह आमच्या दुकानातला इस्त्रीवाला. पाकिस्तानचा, लाहोरकडच्या एका वस्तीतला. ठेंगणा, रुंद खांद्यांचा. दिवसभर वाफेत उभा असायचा आणि इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला पुस्तक उघडं ठेवून वाचायचा. मला आधी वाटलं कादंबरी असेल. निघालं धर्मशास्त्र. घरबसल्या पाळकाचा अभ्यास चालला होता.

उर्दू मंडळी सगळी त्याच्याच देशातली. त्यांच्यात मी एकटा हिंदुस्थानी, आणि माझी उर्दू सोलापूरच्या विजापूर वेशीतली, म्हणजे दखनी. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मोठ्या प्रेमानं मला प्रार्थना करायला सांगितलं. मी डोळे मिटून सुरू केलं, “ऐ बाप, हमना लोगां गलतियां करते, पर तू मनपे नक्को ले.” आमेन म्हणेपर्यंत बायका दुपट्टे तोंडात कोंबून बसल्या होत्या. पुढे लोक खास माझी प्रार्थना ऐकायला यायला लागले. एवढी प्रसिद्धी मला कशानंच मिळाली नाही.

याकूबनं मात्र कधी हसून दाखवलं नाही. एकदा मी त्याला विचारलं, तुमच्याकडे कसं असतं. तो इस्त्री फिरवत राहिला. म्हणाला, “नाताळ होतो, गाणी होतात. शेजारी चांगले आहेत. पण कुणीतरी काहीतरी बोलतं, अफवा उठते, मग काही रात्री वस्तीतली माणसं झोपत नाहीत.” त्याचा बाप शहरातले रस्ते झाडायचा. त्यांच्यातले बरेच जण तेच करतात, बाकीचे वीटभट्टीवर. वस्तीनं प्रार्थनेला एक खोली बांधली होती, पण तिला पाळक नव्हता. लग्न असलं, मयत असली की लांबून कुणाला तरी आणावं लागायचं, आणि बोलावलेला माणूस कधी यायचा, कधी नाही. याकूबला तिथंच परत जायचं होतं.

माझा आजा करकंबच्या वेशीबाहेरचा. वेशीबाहेर राहणं म्हणजे काय हे मला याकूबनं समजावून सांगायची गरज नव्हती.

मग एका वर्षी ठरलं. त्या वर्षी रमजान आणि ईस्टर एकात एक आले होते. ईस्टरनंतरच्या शुक्रवारी बाहेरदेशचे बिशप येऊन याकूबला पाळकाची दीक्षा देणार होते. बिशप त्याच दुपारी विमानानं परत. याकूबचा व्हिसाही संपत आलेला, ईद झाली की तो घरी जाणार. म्हणजे दीक्षा त्या शुक्रवारी झाली तर झाली, नाहीतर तो जसा आला तसाच वस्तीत परतणार होता.

त्यानं माझ्याकडे एकच मागणं केलं. “मास्टर जी, झगा आप काटो. सफेद. मेरे अब्बा के बदन पर सफेद कभी टिका नहीं.”

मी म्हणालो, “माप पण घेत न्हाई, नजरेनं बेततो बघ.” हे मी मराठीतच म्हणालो, पण रुबाब त्याला कळला असावा.

प्रश्न होता कापडाचा. चांगलं पांढरं कापड अरबाबांच्या गठ्ठ्यातलं, दुकान अरबाबांचं, महिना रमजानचा. पाद्रीचा झगा त्यांच्या टेबलावर बेतायचा म्हणजे कसं विचारायचं? मी मनात बरीच तयारी केली. नातेवाइकाचं लग्न आहे, असं काहीतरी सांगायचं ठरवलं. समोर उभा राहिलो आणि माझं नेहमीप्रमाणे झालं. घाम फुटला आणि खरं तेच तोंडातून बाहेर पडलं. अरबाबांनी चष्मा वर केला.

“याकूब? प्रेसवाला? नमाज पढ़ाएगा अपने लोगों को?”

“वैसाच कुछ, अरबाब.”

“तो वो सामने वाला थान मत लेना. उसमें पॉलिस्टर है.” त्यांनी आतला गठ्ठा दाखवला. मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाले, “लेकिन पहले ईद का काम. और हेम छोटा रखना, मेरा कपड़ा है.” हेम म्हणजे आपली दुमड.

ईदच्या आधीचे दिवस म्हणजे काय ते दिवाळीआधीच्या शिंप्याला विचारा. सगळ्या शहराला एकाच सकाळी नवा दिशदाशा घालायचा असतो. आम्ही उभ्या उभ्या झोपा काढत होतो. त्या गर्दीत एका दुपारी मी याकूबचं कापड अंथरलं. याकूब दुकानात नव्हता. दीक्षेआधीचे दिवस तो आवारातच प्रार्थनेत घालवत होता. मी त्याला डोळ्यांपुढे आणलं, खडू फिरवला, कापलं, तुकडे बांधले आणि शिवायला दिले. मन लावून केलेलं काम होतं. दुमडही ठेवली. किती ते विचारू नका. फोनवर रूथला सांगितलं तर ती म्हणाली, “अवो, पाळक काय वाडत्या अंगाचा असतोय व्हय?”

शुक्रवारी सकाळी इस्त्री होऊन कागदात बांधलेला झगा मी दुकानातून उचलला. उघडून पाहिला नाही. ज्या मास्तरनं बेतलं त्यानं तपासायचं म्हणजे स्वतःवरच संशय घेतल्यासारखं, असा माझा बाणा. याकूबनंही आधी घालून बघायला नकार दिला होता. दीक्षेच्या सकाळपर्यंत तो झगा अंगाला लावायचा नाही, असं त्याचं म्हणणं. दोघं मिळून आम्ही ही वेळ आणली.

उर्दू दालनाच्या मागे एक चिंचोळी खोली होती. बाहेर मंडळी भरली होती, तबल्यावर हात पडत होता. मी पुडकं उघडलं. आधी अत्तराचा वास आला. मग मी झगा झटकून उंच धरला.

गोल गळा. छातीवर फट. उजवीकडे गोंडा.

मी पाळकाचा झगा म्हणून पक्का ओमानी दिशदाशा बेतला होता. मन याकूबजवळ होतं, पण हात इतकी वर्षं जे करत आले तेच करून मोकळे झाले होते. तुकडे मी कुठलीही चिठ्ठी न लावता ईदच्या ढिगावर ठेवले, गळ्याच्या कारागिरानं गळा केला, गोंडेवाल्यानं गोंडा लावला, आणि शेवटच्या पोऱ्यानं दुकानाच्या रिवाजाप्रमाणे अत्तरही. कुणाचीच चूक नव्हती. मास्तरानं बेतलं तसं त्यांनी शिवलं.

याकूब भिंतीशी स्टुलावर बसला. त्याचा चेहरा मी अजून विसरलो नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता झग्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, “मास्टर जी, ये तो उनका लिबास है. उनके मुल्क में उनका लिबास पहन के मिंबर पे खड़ा हो जाऊँ? लोग समझेंगे मज़ाक उड़ा रहा हूँ.”

बरोबर होतं. ज्यांनी भिंतीच्या आत मोकळेपणी गाऊ दिलं, त्यांचाच पोशाख घालून व्यासपीठावर चढायचं म्हणजे शोभलं नसतं. आणि नेहमीच्या शर्टावर दीक्षा घ्यायची म्हणजे बापाच्या अंगावर न टिकलेल्या पांढऱ्याचं काय? दारावर टकटक झाली. बिशप आले होते. आमच्यानंतर तेलुगू मंडळींची वेळ होती, एक मिनिट वाढून मिळणार नव्हता.

शिंप्याच्या शर्टाच्या कॉलरमागे एक दोरा ओवलेली सुई असते, ती होती. खिशात लहान कात्री होती. पाहिजे होतं फक्त पांढरं कापड, कॉलरपुरतं आणि फट बुजवण्यापुरतं. आणि पांढरं कापड होतं की! मी जमिनीवर बसलो, झग्याची खालची कड हातात घेतली. चार बोटं दुमड. जन्मभर ज्याच्यावरून शिव्या खाल्ल्या ते आज कामाला येणार, या आनंदात मी कात्री लावली.

याकूबनं माझं मनगट धरलं. “नीचे से नहीं.”

“अरे, बेकार का कपड़ा है ये! जास्तीचं हाय तेच तर कापतोय!”

“आप ही बोलते हो, काटा हुआ वापस नहीं आता.” मग म्हणाला, “मेरे बाद भी कोई पहनेगा, मास्टर जी. क्या मालूम उसका क़द कितना हो.”

त्याही घाईत मला त्याचा राग आला. आजचा दिवस जातोय आणि हा वीस वर्षांनंतरचं बोलतोय! मग माझ्या लक्षात आलं की सोलापूरचे सगळे आईबाप माझ्याशी हेच बोलत आले आहेत आणि मी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही.

आता खोलीत पांढरं कापड एकच उरलं होतं. ते माझ्या अंगावर होतं. रूथनं ईस्टरसाठी शिवून पाठवलेला शर्ट, चांगली ताठ कॉलर, छातीवर खिसा. मी शर्ट काढला. कॉलर उसवली, खिसा उसवला. कॉलर झग्याच्या गळ्याला लावायला घेतली, खिशाचा तुकडा फटीवर. आणि इथं माझा जन्मभराचा रुबाब उतरला. मी बेतणारा, सुई नुसती मिरवायला लावलेली, हातात धरून वर्षं झाली होती. टाका इथं एक, तर दुसरा गल्लीच्या टोकाला. मशीनवाल्यांपैकी कुणी पाहिलं असतं तर मला माझंच विशेषण ऐकावं लागलं असतं. पण कॉलर बसली. गोंडा मी कापून पँटच्या खिशात टाकला. अत्तराचं काही करता आलं नाही.

याकूब बाहेर गेला आणि मी शर्टाचं जे काही उरलं होतं ते चढवून शेवटच्या रांगेत बसलो. कॉलर नाही, छातीवर खिशाच्या जागी दोरे. दारावरच्या मल्याळी स्वयंसेवकानं मला वाकून विचारलं, “अंकल, मारामारी हुआ क्या?” मी म्हणालो नाही. थोड्या वेळानं तो पाणी घेऊन आला, तेव्हा पिऊन टाकलं.

दीक्षेच्या वेळी याकूब गुडघे टेकून बसला. बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मान खाली असल्यामुळे कॉलरच्या मागचे माझे टाके आख्ख्या मंडळीला दिसत होते. बिशपांनी वाकताना नाक किंचित आक्रसलं, अत्तर पोचलं असावं. मग याकूब उठला, मंडळीकडे वळला आणि पहिल्यांदा आशीर्वादासाठी दोन्ही हात वर केले. पांढऱ्या बाह्या मागे सरकल्या. मनगटावर इस्त्रीच्या भाजलेल्या खुणा होत्या. मी हुंदके देऊन रडलो, लपवत नाही. स्वयंसेवकाची आता खात्रीच पटली असणार.

दुसऱ्या दिवशी अरबाबांना सगळं सांगितलं. गोंडा टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला, वास घेतला, फुगले. “अच्छा गोंडा था. इतना बुरा लगा तुमको?” मी समजावत राहिलो, ते ऐकेनात. शेवटी म्हणाले, “प्रेसवाले को बोलो, जाने से पहले मेरे घर इफ़्तार करे. और वो झगा पहन के नहीं, शर्ट पहन के आए.” याकूब गेला. मलाही बोलावणं होतं. मी नवा शर्ट घातला, कारण जुना रूथच्या स्वाधीन करण्यासाठी पुराव्यादाखल जपून ठेवला होता.

ईदनंतर याकूब त्याच्या देशाला गेला. पुढे माझाही निरोप झाला आणि मी सोलापूरला आलो. तिथं आम्ही एका छपराखाली राहत होतो, एका ताटात जेवत होतो. इथं आल्यावर कळलं की तो किती लांब आहे. सुरुवातीला त्याचे फोन यायचे. मग आमच्या पोराच्या पासपोर्टचं काम निघालं आणि रूथ घाबरली. “अवो, त्या देशाचा फोन नगा घिऊ. उद्या कोन इचाराया आलं तर काय सांगनार? इस्त्रीवाला हाय म्हून?” मी तिला हसलो, आणि मग त्याचा फोन वाजला तेव्हा उचलला नाही. परत वाजला, तेव्हाही नाही. तिचं नाव पुढे करतो, पण घाबरलो मी होतो. परक्यांच्या देशात जे उघड होतं ते स्वतःच्या घरात मला जमलं नाही. मग फोन यायचे थांबले.

परवा मी हातपंपाजवळ स्कूटर धूत होतो. किल्लीला तोच गोंडा लावलेला आहे. वास गेला, रंग गेला, पण सोडवत नाही. तेवढ्यात मोबाईलवर अरबाबांचा फोटो आला. खाली त्यांचं वाक्य: “तुम फ़ोन नहीं उठाते, तो पादरी मुझे भेजता है. मैं क्या पोस्टमैन हूँ?”

फोटोत विटांची एक खोली होती, दारावर झेंडूसारख्या कसल्या तरी फुलांची माळ. मधे एक उंचापुरा तरुण, पांढऱ्या झग्यात, चेहरा थेट याकूबचा. शेजारी शर्टात याकूब, बराच वाळलेला, जेमतेम त्याच्या कानापर्यंत पोचणारा. झग्याच्या छातीवर खिशाचा तुकडा तसाच होता. कॉलरही तीच. मी फोटो मोठा करून खाली सरकवत गेलो, घोट्यापाशी आलो आणि थांबलो. झग्याच्या आडवी एक रेघ गेली होती. सोलापुरातल्या कुठल्याही शाळेत दिसावी तशी.

मी ओल्या हातानं घरात पळालो. रूथनं चष्मा लावला, फोटो निरखला. कॉलर तिनं लगेच ओळखली. “माझा शर्ट,” म्हणाली. मग बोटानं ती रेघ दाखवली. “दुमड सोडलीया की हो. पोरगं बापापरीस लई उंच निघालं.”

फोटोखाली याकूबचा आवाज होता. मी वाजवायच्या आधी तिच्याकडे पाहिलं. ती उठली, दार लावेल असं वाटलं, पण तिनं पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

“मास्टर जी,” याकूबचा आवाज बारीक झाला होता, “बेटा भी पादरी हो गया. हेम मैंने अपने हाथ से खोला, दर्ज़ी को नहीं दिया. नाराज़ मत होना, पूरा नहीं खोला. दो उँगल अभी बाक़ी है.”

मी त्याला फोन लावला. वार शुक्रवारच होता, आणि त्यानं पहिल्याच घंटीला उचलला.